वहिनी आणि पासवर्डची पाटी

वहिनींच्या दुकानात मी पहिल्यांदा मशीनवर बसलो, त्या दिवशी दुपार व्हायच्या आत त्या पाटीनं माझं डोकं उठवलं. पाटी म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात टपकन उगवणारी ती चौकट. कुणाचंही लॉगिन करा, पीकविम्याचं असो, जातीच्या दाखल्याचं असो, नाहीतर पोराच्या शिष्यवृत्तीचं असो, ही हजर. पासवर्ड सेव्ह करायचा? खाली दोन बटणं, एक 'सेव्ह करा', दुसरं 'कधीही नाही', आणि कोपऱ्यात एक बारीक फुली. फुली दाबली की जायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला परत यायची. लाज ना शरम.

सुप्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं काढून मी तेव्हा नुकताच गावी परतलो होतो. मणक्याचं दुखणं लागलं, दिवसभर उभ्यानं करायचं काम होईना, मग मीच त्या कामाला हात जोडले. आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडं, पाच-सहा किलोमीटरवर. थोरला भाऊ शेती बघतो, गाई बघतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, गावच्या चौकात ऑनलाईन सेंटर चालवतात. दोन मशीन, एक प्रिंटर, भिंतीवर डेअरीचं कॅलेंडर आणि बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या. वहिनींचं शिक्षण बारावी. कॉम्प्युटर त्या चाळिशीनंतर शिकल्या, आपल्याच थोरल्या पोराच्या शेजारी बसून. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, ह्यांचं मशीन काही सुटलं नाही. मी घरात बसून कुढत होतो तेव्हा त्याच म्हणाल्या, "भावजी, दुसरं मशीन रिकामंच हाय. या बसायला. तेवढाच मला हातभार."

बसलो. पण माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. खुर्च्यांवर माणसं खोळंबलेली दिसली की माझा जीव वर-खाली होतो. आणि वहिनींची कामाची पद्धत बघून तर मी हातच टेकले.

ती पाटी आली की त्या फुली दाबायच्याच नाहीत लगेच. आधी दोन्ही हातांनी पडदा गिऱ्हाइकाकडं फिरवायच्या. मग बोट लावून सांगायच्या, "काका, हे मशीन इचारतंय, तुमचा पासवर्ड इथं ठिवून घेऊ का म्हणून. ठिवला तर पुढच्या खेपेला टाकायची कटकट न्हाई. पण हे दुकानातलं मशीन. दिवसभर माणसं बसत्यात, कुनालाबी उघडता यील. काय करू?"

काका गांगरायचे. आयुष्यात तलाठ्यानं कधी त्यांना काही विचारलेलं नसतं. "तुमाला बरं वाटंल ते करा ताई."

"मला बरं वाटून काय उपेग? वस्तू तुमची हाय. तुमी सांगा."

मग काका डोक्यावरची टोपी सारखी करून, घसा खाकरून म्हणायचे, "नगं मंग. नगं ठिवू." तेव्हा कुठं फुली. एका माणसामागं दोन मिनिटं जायची. दिवसात किती माणसं येतात त्याचा हिशेब करून मला घाम फुटायचा.

एके दिवशी न राहवून मी म्हणालो, "वहिनी, ते 'कधीही नाही' दाबून टाका ना एकदा. त्या साईटला परत येणारच नाही ती पाटी. डोक्याचा ताप जाईल."

"दाबलं असतं," त्या म्हणाल्या. "पण मंग ते इचारायचं बंद करतंय. आणि ते बंद झालं की मीबी इचारायचं इसरंन."

"अहो, पण ते तुम्हाला विचारतंय! गिऱ्हाइकाला नाही!"

"मला कसं इचारंल भावजी? पासवर्ड माझा हाय का?"

मी मनातल्या मनात म्हणालो, बाई फार शहाणी आहे, पण धंदा बुडवणार.

धंदा काही बुडत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. रस्त्याच्या पलीकडं, बसस्टॉपजवळ, आणखी एक सेंटर होतं. तिथं काम झटपट व्हायचं. तिथल्या माणसानं अख्ख्या गावाला एकच पासवर्ड देऊन टाकला होता, गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. आमच्या भागात ही पद्धत काही नवी नव्हती. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मला तर त्या माणसाची हुशारी वाटायची. तरी लोक पायरी चढून वहिनींकडंच यायचे आणि खुर्चीवर तासभर बसायचे. का, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

नवं खातं काढायचं असलं की वहिनींचा आणखी एक सोहळा. पासवर्ड माणसानं स्वतःच्या मनातला टाकायचा, स्वतःच्या बोटानं टाकायचा, आणि तो टाकत असताना वहिनी पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायच्या. ज्यांना इंग्रजी अक्षरं धड येत नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी पुठ्ठ्यावर तक्ता केला होता, इंग्रजी अक्षराखाली मराठी अक्षर. एकदा ऊसतोडीला आलेली पाथर्डीकडची एक बाई पोराच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायला आली. चौथी शिकलेली. वहिनी तिला म्हणाल्या, "बाई, एक शब्द धर मनात. तुझ्या नवऱ्यालाबी ठावं नसंल असा."

ती बाई जी लाजली! पदर तोंडाला लावून हसतच सुटली. "ताई, असा शब्द म्यां कुठून आणू? माझ्यापाशी काय बी न्हाई झाकून ठेवण्याजोगतं."

"आसतंय गं. प्रत्येकीपाशी आसतंय. बस निवांत."

आणि ती बाई बसली. दहा मिनिटं. मागं रांग, बाहेर कारखान्याच्या रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चाललेल्या, मी दातओठ खातोय, आणि ती छताकडं बघत विचार करतेय. मग एकदम उजळली तिची मुद्रा. तक्त्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर हुडकून, तिनं आपला शब्द टाकला. वहिनी कॅलेंडरवरच्या एकादश्या मोजत होत्या. काम झाल्यावर ती बाई जी चालत गेली ना, तिची मान वेगळीच होती. मी बघितलं ते. बघूनही माझी घाई काही कमी झाली नाही, मी तसाच.

सबंध मशीनमध्ये सेव्ह केलेला पासवर्ड एकच होता. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांचा. वहिनींनी पडदा फिरवून नेहमीचं सगळं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "ठिव गं पोरी. माझं काय चोरत्यात? चोरलं तर निदान कोनीतरी इचारपूस केल्यागत हुईल." वहिनींनी ठेवला. त्यांना तो ठेवणं पटलेलं नव्हतं, पण बाबांची वस्तू, बाबांचा हुकूम.

दिवाळीनंतर त्या तीन दिवस माहेरी, नेवाशाकडं गेल्या. दुकान माझ्या हातात. मी म्हटलं, आता बघा कामाचा झपाटा. पाटी आली की 'सेव्ह करा'. पुढची आली, 'सेव्ह करा'. पडदा फिरवणं नाही, कॅलेंडर नाही. माणसं कशी धडाधड मोकळी होत होती. एकजण म्हणालासुद्धा, "तुमीच बसत जा राव." मी फुगलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आदल्या दिवशी येऊन गेलेला एक माणूस फोन नाचवत आला. त्याला ठिबक सिंचनाच्या अर्जाचा मेसेज आला होता. आणि त्याच्याकडं शेतच नव्हतं, होतं ते विकून त्यानं शिर्डीत हाराफुलांचं दुकान टाकलेलं. झालं असं होतं, की लॉगिनच्या रकान्यात मशीननं आपणहून ह्याचं नाव भरलं, मी घाईत न बघता पुढं गेलो, आणि दुसऱ्याच्या विहिरीचं ठिबक ह्याच्या नावानं मागितलं गेलं. "आता पाइप टाकू कुठं, देवळाच्या दारात?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. खुर्च्यांवरची माणसं हसून हसून लोळली. मी मात्र चांगलाच ओशाळलो.

वहिनी परत आल्या. ओरडल्या नाहीत. मशीनमधली सेव्ह झालेल्या पासवर्डांची यादी काढली, आणि मला वाटलं आता सगळी एका दणक्यात पुसतील. नाही. वहीतून एकेकाचा नंबर काढून फोन लावत बसल्या. "दादा, तुमचा पासवर्ड आमच्या मशीनवर ऱ्हायला हुता, आमची चूक झाली. पुसू का?" दुपार गेली त्यात. मला तेव्हाही ते अतीच वाटलं. पुसायला परवानगी? आज आठवलं की मान खाली जाते. चूक माझी होती आणि प्रत्येक फोनवर बाई म्हणत होती, आमची चूक झाली.

ह्यानंतर जे घडलं ते सांगायला मला आजही जड जातं.

मला एकच मुलगी. बारावी झाली, सीईटी दिली, नर्सिंगच्या डिग्रीला जायचं म्हणाली. मी खूश होतो. आमच्या नगर जिल्ह्यातच कॉलेजं आहेत, एक तर असं की सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. फॉर्म तिनं वहिनींकडं बसून भरला, मी त्या दिवशी शिर्डीला कामाला गेलो होतो. फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं आपल्या पसंतीनं एकाखाली एक लावायची असतात. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं तर तेच पक्कं, मग बदल नाही. हे मला ठाऊक होतं, दुसऱ्यांचे असे फॉर्म मीच भरायचो.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी फॉर्मची प्रिंट माझ्या हाताला लागली. पहिल्या नंबरवर मुंबई. जवळचं कॉलेज खाली, पाचव्या नंबरवर.

माझं डोकंच सटकलं. सुप्याला एका खोलीत पाच-पाच जण राहून दिवस काढलेत मी, बाहेर राहणं काय असतं ते मला विचारा. त्यात पोरगी, त्यात मुंबई. आजारी पडली तर कोण आहे तिथं? ओळखीचं चिटपाखरू नाही. मी बायकोला बोललो, बायको म्हणाली, "तिच्याशी बोला." मी नाही बोललो. बोललो असतो तर तिनं कारणं सांगितली असती, आणि कारणं ऐकायची माझी तयारी नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, पण मी तिला राग म्हणत होतो. मनाशी ठरवलं, सकाळी दुकान उघडायचं, फॉर्म उघडायचा, पाचवं नाव उचलून पहिल्या जागी ठेवायचं. तिला कॉलेज लागल्यावर कळेल. चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी विसरेल. बापानं पोरीच्या भल्याचं करायचं त्यात विचारायचं काय?

सकाळी आठला दुकान उघडलं. साईट काढली, तिचा अर्ज क्रमांक टाकला, पासवर्डच्या रकान्यात टिचकी मारली. रकाना कोराच. अर्थात कोराच. वहिनींनी पडदा फिरवला असणार, पोरीनं नको म्हटलं असणार.

मी तिची जन्मतारीख टाकली. चूक. गावाचं नाव आणि एक-दोन-तीन टाकलं. चूक. तिचं नाव, मग आमच्या गाईचं नाव, पोरीचा तिच्यावर जीव आहे म्हणून. चूक, चूक. पडद्यावर लाल अक्षरं आली, आता एकदाच प्रयत्न करता येईल, नंतर खातं बंद. पाचव्यांदा चुकलो असतो तर तिचा फॉर्मच अडकला असता, मुंबईचाही आणि जवळचाही.

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, पासवर्ड सांगा तिचा."

"मला ठावं न्हाई."

"तुम्हीच भरलाय ना फॉर्म?"

"ती टाकत हुती तवा मी भिंतीकडं बघत हुते. तुमाला म्हाईतीय की."

"अहो, मी बाप हाय तिचा!"

"मंग तर बरंच," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "इचारायला लांब जायला नगं."

मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मी म्हणालो, "तुम्हाला काय कळायचं? तुम्हाला पोरगी असती म्हणजे कळलं असतं."

वहिनींना दोन्ही मुलगेच. मुलगी हवी होती त्यांना, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मुलीचं लहानपणीचं सगळं, वेण्या घालण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत, माझ्या बायकोच्या बरोबरीनं त्यांनी केलेलं. मी सुप्याला होतो तेव्हा. त्या आत वळल्या. पिशवी खुंटीला लावली, फडकं घेऊन आपलं मशीन पुसायला लागल्या.

माझा तोल गेलेलाच होता. मी 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली. आणि माझ्या खिशातला फोन वाजला. ओटीपी माझ्याच फोनवर आला होता! पोरीकडं स्वतःचा फोन नव्हता, म्हणून फॉर्मला नंबर माझा दिलेला. सहा आकडे. ते टाकले की नवा पासवर्ड, नवा पासवर्ड टाकला की फॉर्म उघडा. दहा मिनिटांची मुदत.

वहिनींनीही ते बघितलं. हातातलं फडकं ठेवलं. "नंबर तुमचा टाकला ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "तिचा फोन न्हवता, मला दुसरं सुचलं न्हाई. आता तुमच्या हातात हाय भावजी. मी आडवनार न्हाई. फकस्त केलं तर आजच तिला सांगा. दुसऱ्या कुणाकडनं कळायला नगं तिला."

मी फोन हातात धरून बसलो. त्या अडवतील, भांडतील, भावाला बोलावतील, म्हणजे मलाही चेव येईल, असं वाटलं होतं. पण त्या बाजूला झाल्या आणि मी एकटा पडलो.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. पेन्शनच्या साईटवरचं काहीतरी काम होतं. वहिनींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी थरथरत्या बोटानं पासवर्ड टाकला, वहिनी कॅलेंडरकडं बघत राहिल्या. लॉगिन झालं आणि कोपऱ्यात ती पाटी टपकली. वहिनींनी दोन्ही हातांनी पडदा फिरवला. आत्ताच मी त्यांच्या काळजाला डागणी दिली होती, आवाज जरा बसला होता त्यांचा, पण शब्द तेच होते. "बाबा, हे मशीन इचारतंय, तुमचा पासवर्ड इथं ठिवून घेऊ का?"

ते म्हातारे नात्याचे ना गोत्याचे. पाचशे वेळा विचारलेला प्रश्न, उत्तर नव्वद टक्के 'नको'च येणार हे ठाऊक असलेला. तरी ती बाई उत्तरासाठी थांबली. म्हाताऱ्यानं दोनदा विचार केला, चष्मा पुसला, तरी थांबली. मी बघत होतो. मला त्या क्षणी वहिनींविषयी जे वाटलं ते मला कधी कुणाविषयी वाटलं नव्हतं, आणि स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. परक्या माणसाच्या आठ अक्षरांसाठी ही थांबते, आणि मी माझ्या पोटच्या पोरीच्या चार वर्षांसाठी थांबायला तयार नव्हतो.

दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. मी उठलो आणि घरी गेलो.

पोरगी गोठ्यापुढं कडबा तोडत होती. मी म्हणालो, "तुझा फॉर्म बघितला. मुंबई का टाकलीस?" झालेलं सगळंही सांगितलं, चार वेळा चुकलो ते, ओटीपीचं, सगळं. ती हातातला विळा खाली ठेवून म्हणाली, "पप्पा, तिथलं सरकारी हॉस्पिटल मोठं आहे, शिकायला मिळेल. एवढंच कारण आहे. तुम्हाला नको वाटत असेल तर पासवर्ड मी तुम्हाला देते. बदला तुम्ही. मी रडणार नाही, जेवण सोडणार नाही, तुमच्याशी बोलायचं बंद करणार नाही. फक्त पुढं कधी मला विचारू नका, तिथं मन लागतंय का म्हणून."

एवढंसं बोलली, पण पुढची सगळी वर्षं दाखवली तिनं मला. मी म्हणालो, "राहू दे. हात धू. गाडीवर बस."

दुकानात येऊन तिनं आपला फॉर्म उघडला. मी लांब उभा राहिलो. तिनं यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, आणि काही न बदलता फॉर्म पक्का केला. पहिल्याच फेरीत तिचा नंबर लागला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे, मन लागतंय का असं मी दर रविवारी विचारतो आणि ती सांगते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीच्या संध्याकाळचं. पोरगी घरी गेली होती, गिऱ्हाईक सरलं होतं. वहिनी प्रिंटरवर कापड झाकत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, सकाळी मी बोललो ते..."

"त्ये खरंच हाय. मला पोरगी न्हाई."

"तसं नका म्हणू. चुकलो मी. तुम्ही नसता तर माझ्या हातून काय झालं असतं. माफ करा मला."

त्यांनी कापडाच्या कडा नीट खोवल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बारावीनंतर मला डीएडला नंबर लागला हुता. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पंचवीसेक वर्षं एका घरातली माणसं आम्ही.

"पोस्टानं पत्र आलं हुतं. आमच्या दादांनी, म्हंजे वडलांनी, ते पेटीच्या तळाला घातलं आणि मला सांगितलं, नंबर न्हाई लागला. मी म्हटलं, नसंल लागला. लग्नानंतर पयल्या संक्रांतीला माहेरी गेले, पेटी आवरताना घावलं."

"मग विचारलं नाही तुम्ही दादांना?"

"इचारलं की. म्हणले, चांगलं स्थळ आलं हुतं. मान्सं घाई करत हुती. हातचं जाऊ द्यायचं न्हवतं."

मी मूर्खासारखं विचारलं, "कुठलं स्थळ?"

वहिनी हसल्या. रागानं नाही, खरंच हसल्या. "कुठलं म्हंजे? तुमचंच की वो."

मला तो दिवस लख्ख आठवला. भावासाठी मुलगी बघायला गेलो होतो त्यात मीही होतो, वीसेक वर्षांचा, नवीन शर्ट घालून. ती पोह्यांच्या बश्या घेऊन आली आणि समोर पाटावर बसली. आम्ही तिला नाव विचारलं. किती शिकलीस विचारलं. भाकरी येतात का, गाईचं करता येतं का, तेही विचारलं. पुढं शिकायचंय का, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.